खळ नसलेलं कापड: साताऱ्यातलं अंत्यविधी साहित्याचं एक दुकान

माझं साताऱ्यात शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. सत्तावीस वर्षं झाली. कापड हातात आलं की आधी चिमटीत धरून चोळायचं, ही सवय. खळ किती आहे ते बोटांना लगेच कळतं. खळ जास्त असली की कापड भरीव दिसतं, आणि पहिल्याच पाण्यात त्याची जाळी होते.

तीन वर्षांपूर्वी आषाढात माझे वडील, अण्णा गेले, तेव्हा त्यांच्यासाठी आणलेलं कापड मी चोळून बघितलं नव्हतं.

पहाटे चारला गेले. मला भाऊ नाही. चुलत भाऊ कराडहून निघाला होता, आमचे हे कामाच्या गावी. शेजारचे काका म्हणाले, सामान आणायला कुणीतरी जा, पण बाईमाणूस नको. दुसरं होतं कोण? भावकीतल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या मागे बसून भर पावसात मीच गेले. ते दुकान कुठलं ते लिहीत नाही. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली बांबू उभे केलेले आणि एका कोपऱ्यात पोत्यांवर मडकी. मालकानं एका प्लास्टिकच्या पिशवीत भराभर वस्तू टाकल्या, म्हणाला, "सगळं आहे यात," आणि साडेचार हजार घेतले. पावती नाही, यादी नाही. मयताच्या सामानाला घासाघीस करत नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. त्यालाही माहीत होतं.

घरी पिशवी उघडली. गुलालाची पुडी आतच फुटलेली, पांढऱ्या कापडाला गुलाबी डाग. कापूर तळाशी, उदबत्त्या मोडलेल्या, तीळ नाहीतच. तिरडी बांधायला नायलॉनची दोरी, ओल्या कळकावर तिची गाठच बसेना. मडक्याच्या शिंकाळ्याला साधी सुतळी. ती माहुलीच्या घाटावर विस्तवाच्या धगीनं तुटली आणि चुलत भावाच्या हातातलं मडकं चिखलात पडलं. निखारे विझले. पुन्हा कापूर शोधा, पुन्हा पेटवा. मागे सगळी माणसं छत्र्या धरून उभी.

पण मला सलतं ते कापड. अंगणात अण्णांना अंघोळ घातली, वर कापड पांघरलं, पागोळीचं पाणी त्यावर पडलं आणि खळ धुऊन गेली. सगळं अंग दिसायला लागलं. सदऱ्याची वरची गुंडी लावल्याशिवाय ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही, ते अण्णा. आत्या धावत आत गेली आणि आईच्या पलंगावरची चादर ओढून घेऊन आली. अण्णा त्या चादरीत गेले. निळ्या फुलांची होती.

आता ज्या दुकानाबद्दल लिहायचंय, तिथं मी या मार्गशीर्षात गेले. सासूबाई गेल्या तेव्हा. शववाहिकेच्या ड्रायव्हरनं सांगितलं, "तिकडं जा ताई, तुम्हाला काही विचारावं लागणार नाही." पोवई नाक्यापासून चालत सात-आठ मिनिटं, गल्लीत. पाटी पांढरी, त्यावर निळ्या अक्षरांत 'अंत्यविधी साहित्य' एवढंच. मालकाचं नाव पाटीवर नाही, मीही लिहीत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाव कशाला, ताई? लागेल त्याला दुकान सापडतं." घराणं बुरुडाचं. वडील सुपं, दुरड्या आणि तिरड्या करायचे. हे आता फक्त हाच धंदा करतात, आणि पुड्या बांधायचं सगळं काम त्यांच्या पत्नी बघतात.

आत गेले तर बांबू दिसले नाहीत. पुढं एक बाकडं, पाण्याचा माठ, भिंतीवर दरपत्रक. मयताचं सामान असं माणसाच्या अंगावर येऊ नये म्हणून ते मागच्या खोलीत ठेवलंय, हे नंतर कळलं. मालक उठून उभे राहिले. 'कोण गेलं', 'कशानं गेलं', 'वय काय' यातलं काही विचारलं नाही. तीनच प्रश्न. पुरुष की बाई? उंची साधारण किती? घरातून किती वाजता निघणार?

चौथा प्रश्न त्यांच्या पत्नीनं विचारला, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले म्हटलं तरी चालेल. आतून येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हळदकुंकवाचं घालू का?"

बाई गेली की सगळीकडं एकच प्रश्न असतो, सवाष्ण की विधवा? आणि त्या उत्तरावर साडीचा रंग, बांगड्या, ओटी, मळवट सगळं ठरतं. सासूबाई एकोणीस वर्षं विधवा होत्या. तो प्रश्न तसा आला असता तर मी खाली मान घालून उत्तर दिलं असतं आणि पांढरं घेऊन घरी आले असते. पण 'घालू का' म्हटल्यावर ठरवणं आमच्याकडं आलं. मी नणंदेला फोन लावला. ती दोन क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, "घाल. आईला हिरवा रंग फार आवडायचा." सासूबाई हिरवं पातळ नेसून आणि कपाळभर कुंकू लावून गेल्या. भावकीतल्या दोघी-तिघी कुजबुजल्या. कुजबुजू देत.

अण्णांच्या वेळच्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत एक डझन हिरव्या बांगड्या होत्या. आम्ही मागितल्या नव्हत्या. आईला घालायच्या आणि मग फोडायच्या, म्हणून दुकानदारानं आपणहून टाकलेल्या. पिशवीतून निघाल्या म्हणून कुणीतरी भरल्या, आणि भरल्या म्हणून फोडल्या. आईच्या डाव्या मनगटावर अजून त्याची खूण आहे. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनंही राज्यभरच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव मोठाच आहे. पण त्या सकाळी आमच्या घरात तो कुणाला आठवला नाही. समोर बांगड्या होत्या. या दुकानात पुरुषाच्या सामानात बांगड्या नसतात. कुणी मागितल्या तर ते देतात, आपणहून घालत नाहीत. पिशवीत काय असावं हे ठरवणारा माणूस किती काही ठरवत असतो!

सामान कसं बांधलंय ते सांगते. तीन कापडी पिशव्या. एकीवर लिहिलंय 'घरी', दुसरीवर 'वाटेत', तिसरीवर 'घाटावर'. ठसठशीत अक्षरं, चष्मा नसला तरी वाचता येतील अशी. 'घरी' मध्ये कापड, पंचा, चंदन, तुळशीची पानं, गंगाजलाची छोटी तांब्याची लोटी, तोंडात घालायचा सोन्याचा बारीक मणी कागदाच्या घडीत, कापूर, उदबत्ती. 'वाटेत' मध्ये गुलाल, बुक्का, लाह्या आणि सुटी नाणी. 'घाटावर' मध्ये काळे तीळ, जव, तांदळाचं पीठ, दर्भ, तूप, राळ, काडेपेटी आणि पाण्याच्या मडक्याला भोक पाडायचा दगड. जो आधी लागतो तो जिन्नस वर, नंतरचा खाली. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा पुण्यात कंपनीत काम करतो, त्यानं आयुष्यात कधी कुणाची माती बघितली नव्हती. पण घाटावर गुरुजींनी "तीळ" म्हटलं की त्याच्या हाताला तीळच लागत होते. एकदाही कुणी "अरे, ते कुठंय?" म्हणून ओरडलं नाही.

प्रत्येक पुडी कागदाची, वर नाव लिहिलेलं. मापही नेमकं. हे मला फार पटलं. मयताचं उरलेलं घरी आणत नाहीत, त्यामुळं जेवढं जास्त देतील तेवढं नदीला जातं. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. थोरल्या शाहू महाराजांची आणि महाराणी ताराबाईंची समाधी याच नदीकाठी, तिथंच विश्वेश्वराचं देऊळ. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. एवढ्या मोठ्या माणसांच्या गावचा हा घाट, आणि अण्णांच्या रक्षाविसर्जनाला गेलो तेव्हा पायरीवर अर्ध्या भरलेल्या गुलालाच्या पिशव्या, तुपाचे फाटके पुडे आणि प्लास्टिकचे हार बघून पाय टाकायला जागा शोधावी लागली होती. या वेळी आमच्या हातात शेवटी उरल्या त्या तीन रिकाम्या कापडी पिशव्या. त्या सरणावरच ठेवल्या. सुती होत्या, जळून गेल्या.

तिरडी. कळकाच्या दोन लांब काठ्या, सात कामट्या, सगळ्या आधीच सोलून घासलेल्या. कुस हाताला लागत नाही. खांदेकऱ्यांच्या बाजूची टोकं गोल केलीत. कामट्या कुठं बसवायच्या तिथं काठीला बारीक खाच आहे, त्यामुळं सरकत नाहीत, आणि बांधायला सुंभ. सुंभ ओला झाला की उलट आवळतो. नायलॉनसारखा निसटत नाही आणि आगीत वितळून थेंब थेंब पडतही नाही. दोघांनी वीस मिनिटांत तिरडी बांधली. अण्णांच्या वेळी चौघांना तास लागला होता, आणि त्या तासभर आई खिडकीतून बघत बसली होती.

मडक्याचं शिंकाळं तारेचं, धरायला वर वेळूची मूठ. मी ते हातात घेऊन दोन-तीनदा हिसका देऊन बघितलं. मालक काही बोलले नाहीत.

आणि कापड. तिथंच उभी राहून मी ते चिमटीत धरलं आणि चोळलं. खळ नव्हती. धुवट मांजरपाट, घट्ट विणीचा, पन्हा भरपूर. मी विचारलं, "धुऊन घेता?" ते म्हणाले, "तागा आला की आधी भिजत घालतो, वाळवतो, मग कापतो. आटायचं ते आधीच आटतं, माप चुकत नाही." पाच वार म्हणाले ते खरंच पाच वार भरलं. घरी आणून मोजलं मी. अशा दिवशीही मोजलं. त्याच कापडाच्या उरलेल्या पट्ट्यांच्या या पिशव्या शिवतात.

पैशाचं. भिंतीवरच्या दरपत्रकात प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहिलाय. संपूर्ण सामान तिरडीसकट २,४०० रुपये, आणि एखादी गोष्ट घरात असली तर ती काढून ठेवून तेवढे पैसे वजा. आमच्याकडं गंगाजल आणि चंदनाचं खोड होतं, ते वजा केलं. पावती दिली. माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, तिकडं १९८४ पासून कायद्यानंच बंधन आहे. अंत्यविधीचं काम करणाऱ्यानं प्रत्येक गोष्टीचा भाव वेगळा लिहून दाखवायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा, आणि शवपेटी दुसरीकडून आणली तर नाही म्हणायचं नाही. तिकडं हे कायदा करून आणावं लागलं. आपल्याकडं गल्लीतल्या एका माणसानं आपणहून केलंय. पण जिथं तो नाही तिथं काय? बाजारात आपण दहा दुकानं फिरतो, पोत बघतो, परत करतो, भांडतो. या एका खरेदीत यातलं काहीच करता येत नाही. डोकं चालत नाही, वेळ नसतो आणि तक्रार करायला नंतर कुणी परत जात नाही. मी तरी कुठं गेले? म्हणून इथं दुकानदारानंच गिऱ्हाइकाच्या बाजूनं विचार करायला हवा.

सुटे पैसे त्यांनी पाकिटात घालून दिले. निघताना 'या' म्हणाले नाहीत. मीही 'येते' म्हणाले नाही. ते दारापर्यंत आले आणि पिशव्या रिक्षात ठेवेपर्यंत उभे राहिले.

उणिवा आहेत, त्याही लिहिते. तूप अजून प्लास्टिकच्या पुडीत देतात. बाकी सगळं कागदाचं आणि कापडाचं असताना ती पुडी फार खुपते. तिरडी एकाच लांबीची मिळते. मध्यम उंचीच्या माणसाला ठीक, पण सहा फुटांच्या वरच्या माणसासाठी काठ्या वेगळ्या कापून घ्याव्या लागतात आणि त्याला अर्धा तास जातो, तेव्हा उंची फोनवर आधी कळवलेली बरी. तिसऱ्या दिवशीचं, म्हणजे सावडण्याचं सामान वेगळं घ्यावं लागतं आणि त्याची यादी नाही. आम्ही अस्थींसाठी मडकं घेतलं आणि दूध-गोमूत्राला भांडं न्यायचं विसरलो. लिंगायत समाजाचं सामान ठेवत नाहीत. तिथं दहन नसतं, बसवून पुरतात, विभूती-बेलाचं सगळंच वेगळं. त्याबद्दल ते सरळ 'मला त्यातलं कळत नाही' म्हणतात आणि कुणाकडं जायचं ते सांगतात. दाराला दोन उंच पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसाला चढवत नाहीत. पिशव्यांची शिवण एकेरी होती, 'घाटावर' ची पिशवी मडक्याच्या वजनानं कोपऱ्यात उसवली. तेराव्यानंतर मी जाऊन त्यांच्या पत्नीला दुहेरी शिवण दुमडून कशी घालायची ते दाखवून आले. त्यांनी तिथल्या तिथं मशीनवर घालून बघितली.

लहान मुलांचं सामान बाहेर कुठंच दिसत नाही. त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा मालकांनी आतल्या कपाटाकडं नुसती मान हलवली. त्याचे पैसे घेत नाहीत, हे दरपत्रकावरही लिहिलेलं नाही.

परवा आईला घेऊन गेले. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, तिनंच लकडा लावला होता. दोन पायऱ्या चढताना मी आणि मालक दोघांनी धरलं. बाकड्यावर बसून पाणी प्यायली, दरपत्रक सगळं वाचलं, मग म्हणाली, "कापड दाखवा." त्यांनी तागा आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो चोळला नाही, तिला त्यातलं कळत नाही. माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, कापडाच्या टोकावर ओतलं, आपला हात खाली धरला आणि बराच वेळ बघत राहिली. हात दिसत नव्हता. पाच वार कापून मागितलं. ते आता तिच्या ट्रंकेत आहे, अण्णांच्या धोतरजोडीखाली.

दुकान कधीही उघडतं. रात्री शटर ओढलेलं असलं तरी डाव्या हाताला घंटेचं बटण आहे. एकदाच दाबा. ते वरच राहतात.